कोणीच वाईट नसताना भेदभावाची व्यवस्था उभी राहू शकते का?

राजारामपुरीकर (मूळ प्रश्न)

मी कोल्हापुरात भाड्याची घरे दाखवण्याचा व्यवसाय करतो. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी आणि अलीकडे फुलेवाडीकडची नवी बांधकामे हा माझा टापू आहे. माझा पुतण्या शिकागोला नोकरीला असतो. परवा फोनवर त्याने तिकडच्या व्यवस्थात्मक वंशभेदाचा विषय काढला. त्याचे म्हणणे असे, की तिथे कायदा समान होऊन अर्धशतक उलटले, उघडपणे वंशद्वेष बोलणारी माणसेही पूर्वीइतकी राहिली नाहीत, तरी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारी घरे, शाळा आणि कर्जे वेगळीच राहतात, कारण भेद आता माणसांच्या मनापेक्षा व्यवस्थेत अधिक आहे. मी त्याला म्हटले, की व्यवस्था म्हणजे शेवटी माणसेच. माणसे भेद करीत नसतील, तर व्यवस्था तो कोठून आणणार? त्यावर तो म्हणाला, "काका, तुमच्याच धंद्याकडे बघा की."

त्याच्या बोलण्यावरून मला मागच्या उन्हाळ्यातील एक कुटुंब आठवले. नवरा शासकीय नोकरीत, बायको शिक्षिका, दोन मुले, डिपॉझिटची रक्कम तयार. आडनावावरून जात कळत होती, एवढेच. एका मालकीणबाई म्हणाल्या, "आमची काहीच हरकत नाही हो, पण सासूबाई खालीच राहतात." दुसऱ्या मालकांचा फ्लॅट विकायचा विचार अचानक सुरू झाला. आणखी एकांना भाडेकरू शाकाहारी हवे होते. (तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात हे कारण ऐकून मला गंमत वाटली, कारण त्या घरात बुधवार आणि रविवार कधी चुकत नाही.) एकांनी फोन उचलणेच बंद केले. एकांनी भाडे दोन हजारांनी वाढवून सांगितले. शेवटी घर मिळाले ते शहराच्या टोकाला, त्यांच्याच समाजाची बरीच कुटुंबे आधीपासून राहत असलेल्या वसाहतीत.

या मालकांपैकी एकालाही मी जातीयवादी म्हणणार नाही. त्यांना मी वर्षानुवर्षे ओळखतो, अडीअडचणीला धावून जाणारी माणसे आहेत. त्यांनी एकमेकांशी ठरवून काही केले नाही, ते एकमेकांना ओळखतही नाहीत. आता तर आमच्या धंद्यातील बरेच जण विशिष्ट आडनाव ऐकले की विशिष्ट घरे दाखवतच नाहीत, म्हणजे मालकाला नकार देण्याचीही वेळ येत नाही. तर माझा प्रश्न असा, की अशा सुट्या सुट्या निवडींच्या बेरजेला व्यवस्थेतील भेदभाव म्हणता येईल का? आणि अमेरिकेत जे घडले ते अशाच बेरजेतून घडले का?


गणिताचा मास्तर

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग समाजशास्त्राइतकाच गणिताचाही आहे, आणि त्यावर एक प्रसिद्ध उत्तर उपलब्ध आहे. थॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली एक साधी मांडणी प्रसिद्ध केली. पुढे २००५ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते प्रामुख्याने संघर्ष आणि सहकार्य यांच्या विश्लेषणासाठी. पण वस्त्या वेगळ्या कशा पडतात याविषयीचे त्यांचे हे काम आजही सर्वत्र शिकवले जाते.

वहीच्या चौकटीच्या पानावर एक रुपयाची आणि दोन रुपयांची नाणी सरमिसळ मांडावीत आणि काही चौकटी मोकळ्या ठेवाव्यात. प्रत्येक नाण्याची अट एवढीच, की आजूबाजूच्या शेजाऱ्यांपैकी किमान एक-तृतीयांश आपल्या प्रकारचे असावेत. ही अट द्वेषाची म्हणता येणार नाही, कारण शेजारी दोन-तृतीयांश परके असले तरी त्या नाण्याला चालते. ज्याची अट पुरी होत नाही ते नाणे उठून, जिथे ती पुरी होईल अशा मोकळ्या चौकटीत जाते. गोम अशी, की उठलेले नाणे जिथून जाते तिथल्या आपल्यासारख्यांचे प्रमाण कमी करून जाते आणि जिथे बसते तिथल्या दुसऱ्या प्रकारच्या शेजाऱ्यांचे गणित बिघडवते, त्यामुळे आतापर्यंत समाधानी असलेली नाणीही उठू लागतात. काही फेऱ्यांनंतर पानावर एक रुपयाची पेठ वेगळी आणि दोन रुपयांची पेठ वेगळी दिसू लागते. एवढी फाटाफूट कोणत्याही एका नाण्याने मागितलेली नसते. म्हणजे मोठा परिणाम दिसला की त्यामागे तेवढीच मोठी इच्छा असली पाहिजे, हा आपला अंदाज चुकीचा ठरतो.

मात्र आपले घरमालक या नाण्यांहून एका बाबतीत वेगळे आहेत, आणि मला तोच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. नाणे स्वतःची अट पाहते. आपण सांगितलेल्या मालकीणबाई सासूबाईंची अट पाहतात. विकण्याचे निमित्त सांगणारे गृहस्थ बहुधा शेजाऱ्यांची किंवा उद्याच्या गिऱ्हाइकाची अट पाहत असतील. सासूबाईंना जाऊन विचारले, तर त्या "मला काय त्याचे, पण गल्लीत बोलतील" असे म्हणण्याची शक्यता आहे. हरकत नेमकी कोणाची, हे शोधत गेलो तर प्रत्येक जण पुढच्याच्या दाराकडे बोट दाखवतो. अशा वेळी प्रत्यक्षात हरकत घेणारे अगदी थोडे उरले, किंवा कोणीच उरले नाही, तरी नकार चालूच राहतो, कारण तो मतांवर नव्हे, तर इतरांच्या मतांविषयीच्या अंदाजावर उभा असतो. एजंटांनी घरे आधीच गाळायला सुरुवात केली, की हा अंदाज चुकीचा असल्याचे कळण्याचा शेवटचा मार्गही बंद होतो.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. समजा शाळाप्रवेश, शिफारस, मुलाखत, बढती, घर, कर्ज, व्यवसायाचा परवाना अशा सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर एका गटाच्या माणसाला इतरांच्या तुलनेत फक्त एक-दशांश कमी संधी मिळते. कोणत्याही एका पायरीवर हा फरक डोळ्यांत भरणार नाही. पण ०.९ ला सात वेळा गुणले की उत्तर ०.४८ येते. सातही ठिकाणची माणसे शपथेवर सांगतील, की आपण फारसे काही केले नाही, आणि ते खरेही असेल.


बावड्याचे वकील

मास्तरांचे गणित मला मान्य आहे, पण अमेरिकेचा इतिहास त्या नाण्यांतून सांगितला तर तो अर्धाच सांगितला जाईल, आणि उरलेला अर्धा अधिक गंभीर आहे. नाण्यांच्या खेळात दोन्ही प्रकारच्या नाण्यांना उठून हवे तिथे बसण्याची सारखी मुभा असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना ती नव्हती. १९३० च्या दशकात तिथल्या संघराज्य सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे चार रंगांत रंगवले. हिरवा भाग कर्जासाठी उत्तम आणि लाल भाग धोक्याचा मानला गेला, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल रंगात गेल्या. १९३४ साली स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन गृहकर्जांना विमा देत असे, आणि अशा वस्त्यांना त्याने तो प्रदीर्घ काळ नाकारला. शिवाय, हे घर गोऱ्याखेरीज कोणाला विकणार नाही, अशी अट खरेदीखतातच लिहिलेली असे. न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितले आणि घरांच्या बाबतीत वंशावरून भेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला.

हे सारे बंद झाल्यावर मात्र आपल्या पुतण्याचा मुद्दा सुरू होतो. घर ही मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी मालमत्ता असते. ज्यांच्या आजोबांना स्वस्त कर्जाने घर घेता आले त्यांच्या नातवंडांकडे तारण ठेवायला काहीतरी असते. ज्यांना ते घेता आले नाही त्यांच्या नातवंडांकडे नसते. त्या देशात शाळांच्या खर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून घरांची किंमत कमी असलेल्या भागातील शाळाही गरीब राहतात. आज कर्जाचा अर्ज तपासणारा अधिकारी केवळ तारण आणि उत्पन्न पाहतो, पालक केवळ चांगली शाळा शोधतात, नोकरी देणारा केवळ पदवी पाहतो. यांपैकी कोणालाही वंशाशी देणेघेणे नसले, तरी जुना नकाशा त्यांच्या हातून रोज नव्याने गिरवला जातो. तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की तिथली व्यवस्था केवळ सुट्या निवडींतून जन्मली नाही. तिचा पाया नियमांनी घातला. पण नियम गेल्यानंतर ती टिकली ती बहुतांशी सुट्या निवडींवर.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली नॉर्थ कॅरोलायनातील एका वीज कंपनीच्या खटल्यात हा पेच कायद्यापुरता सोडवला. ती कंपनी पूर्वी कृष्णवर्णीयांना केवळ मजुरी खात्यात घेत असे. १९६४ च्या कायद्याने ते अशक्य झाल्यावर तिने इतर खात्यांसाठी शालान्त प्रमाणपत्राची आणि बुद्धिमापन चाचण्यांची अट ठेवली. अट सर्वांना सारखीच होती. पण प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध कंपनीला दाखवता आला नाही आणि तिच्यामुळे गळणारे बहुतांशी एकाच वंशाचे होते. हेतू वाईट असल्याचे सिद्ध होण्याची गरज नाही, कामाशी संबंध नसलेली अट परिणामाने भेद करीत असेल तर ती बेकायदा आहे, असा एकमताचा निकाल लागला.

आपल्याकडे खासगी भाडेव्यवहाराला लागू पडेल असे काही शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांविषयी बोलतो. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व स्वतःच्या समाजापुरते ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. तो निकाल एका छोट्या समाजाच्या संस्थेपुरता वाचला तर समजण्यासारखा आहे, पण बहुसंख्य समाजांच्या संस्थांनी तेच केले तर काय होईल, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्यात सापडत नाही.


निवृत्त शाखाधिकारी

मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले आहेत, म्हणून थोडे विरोधात लिहितो. दोन गटांच्या स्थितीत फरक दिसला, की तो भेदभावामुळेच आहे असे धरून चालण्याची सवय घातक आहे. फरक वयाचा असू शकतो, शिक्षणाचा असू शकतो, खेड्यातून शहरात कधी आलात याचाही असू शकतो. शिवाय बाजाराचा एक गुण आपण विसरता. काही मालकांनी नाकारले, तरी एक जण देतोच, कारण रिकामे घर कोणालाच परवडत नाही. आपल्या त्या कुटुंबालाही अखेर घर मिळालेच.

आणखी एक. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनीच ठामपणे मांडले आहे. अमेरिकेचा साचा जसाच्या तसा इथे बसवू नये. आणि दोष व्यवस्थेचा म्हटला, की कोणाही माणसाला जाब विचारण्याची सोय उरत नाही. मला तर वाटते, की ही फार सोयीची पळवाट आहे.


गणिताचा मास्तर

साहेब, आपला पहिला आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच संशोधकांनी त्यावर एक युक्ती शोधली. अर्ज तोच ठेवायचा आणि केवळ नाव बदलायचे. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागो येथील जाहिरातींना असे सुमारे ५,००० अर्ज पाठवले गेले, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोऱ्या वळणाच्या नावांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींवर हाच प्रयोग केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातही पात्रता सारखी असताना दलित आणि मुस्लिम नावे मागे पडली. येथे वय, शिक्षण, खेडे या साऱ्या गोष्टी सारख्याच ठेवलेल्या होत्या. अर्थात, जिथे असा प्रयोग केलेला नाही तिथे केवळ आकड्यातील तफावत दाखवून आरोप करू नये, हे मी आपल्यासारखेच म्हणेन.

घर देणाऱ्या त्या शेवटच्या मालकाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. तो असतो, हे खरे. पण तो कुठे असतो आणि किती भाडे मागतो, हेही पाहावे लागते. ज्यांना इतरत्र घर मिळत नाही अशी सारी कुटुंबे त्याच्याच दारी जमतात आणि त्यातून नेमकी ती शहराच्या टोकाची वसाहत तयार होते. आईला शाळेत पोहोचायला रोज दोन बस बदलाव्या लागतात, मुलांची शाळा बदलते, आणि पुढच्या वेळी पत्त्यावरूनच जात ओळखता येते, मग आडनाव विचारण्याचीही गरज राहत नाही.


दसरा चौक

अमेरिकेची उदाहरणे वाचली. कोल्हापुरात बसून हा प्रश्न विचारला जावा आणि कोणी आपल्याच गावाच्या दप्तरात डोकावू नये, याचे मला थोडे नवल वाटते. शाखाधिकारी म्हणतात तसे जात आणि वंश वेगळे, हे मान्य. पण सुट्या निवडींची बेरीज कशी होते, हे दोन्हीकडे सारख्याच रीतीने तपासता येते.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले. दार सर्वांना उघडे होते. तरीही थोड्याच वर्षांत तिथे जवळपास ब्राह्मण विद्यार्थीच उरले. व्यवस्थापन कोणाच्या हाती, पंगत कोणाची, प्रवेशासाठी शब्द टाकणारा ओळखीचा कोण, अशा बारीकसारीक गोष्टींतून हे घडत गेले असणार. महाराजांनी त्यावर जे केले ते आजच्या विचाराला उलटे वाटेल. त्यांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा समाजांसाठी वेगवेगळी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. दसरा चौकाच्या आसपास आजही त्यांतील काही इमारती दिसतात. सर्वांना उघडे ठेवलेले दार एकाच समाजाचे ठरले आणि वेगळी दारे काढल्यावर सर्वांची मुले शिकली. उघड्या दारावर विसंबून चालत नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आले होते.

दुसरे दप्तर नोकऱ्यांचे. १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते आणि सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे १०. ब्राह्मणेतरांना नेमू नये असा हुकूम कोणी काढलेला नव्हता. ज्याला मोडी-बाळबोध चांगले येते तो नेमला जात होता, ते ज्यांच्या घरात होते त्यांची मुले येत होती आणि आधीचा कारकून आपल्या ओळखीच्याचे नाव सुचवत होता. महाराज इंग्लंडमध्ये असताना २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात जो हुकूम प्रसिद्ध झाला, तो मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्याच्या थंड स्वराचे कौतुक वाटते. त्यात कोणावरही आरोप नाही. सर्वांना शिक्षण देण्याचे प्रयत्न अपेक्षेइतके फळले नाहीत, कारण उच्च शिक्षणाचे लाभ पुरेसे दूरवर वाटले जात नाहीत, असे निदान आहे. आणि उपाय असा, की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात आणि ज्या खात्यात त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातून व्हावी. मन कोणाचे कसे आहे याचा तपास न करता त्यांनी खात्यातील माणसे मोजली. वकीलसाहेबांनी सांगितलेला अमेरिकेतील निकाल याच रीतीने, पण ६९ वर्षांनी आला. १९१२ पर्यंत कोल्हापुरात ९५ अधिकाऱ्यांपैकी ३५ ब्राह्मण उरले होते, म्हणजे हुकुमानंतर दहा वर्षे बेरीज मोजत राहिल्यावर ती हलली.

आता शाखाधिकाऱ्यांच्या पळवाटीविषयी. गंगाराम कांबळे यांची हकिकत येथे सर्वांना ठाऊक आहे. सवर्ण नोकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली; महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले. सुरुवातीला तिथे गिऱ्हाईक फिरकेना. कुठे चहा प्यावा हे ठरवण्याचा अधिकार रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला होताच, त्यामुळे बहिष्कार कोणी पुकारला हे विचारण्यात अर्थ नव्हता. महाराज आपली गाडी तिथे थांबवत, चहा मागवत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. कामासाठी सही हवी असलेल्यांना तिथेच बोलावत, असेही सांगतात. म्हणजे शिक्षा मारणाऱ्या माणसांना झाली आणि रिकाम्या बाकांसाठी वेगळा उपाय योजला गेला. दोन्ही गोष्टी करता येतात. एक केली म्हणून दुसरी सुटत नाही.


निवृत्त शाखाधिकारी

वसतिगृहाचा दाखला मला नवा होता आणि तो पटला. पण महाराजांच्या हाती संस्थान होते. आमच्या राजारामपुरीकरांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा आहे. त्यांनी एकट्याने काय करावे, असे आपले म्हणणे आहे?


राजारामपुरीकर

सर्वांचा आभारी आहे. शाखाधिकारी साहेबांनी माझ्या मनातलेच विचारले. मी आडनाव न सांगता घर दाखवायचे ठरवले, तर पहिल्या भेटीत मालक "पाव्हणं कुठले?" असे विचारणारच, आणि उत्तर आवडले नाही तर पुढच्या वेळी किल्ली दुसऱ्या एजंटाकडे जाईल. माझे गिऱ्हाईक जाते आणि नकार तसाच राहतो. सगळ्या एजंटांनी एकदम ठरवले तरच मालकाला दुसरा दरवाजा उरत नाही. वकीलसाहेब, आमच्यासाठी असा समान नियम घालून देणारी काही यंत्रणा आहे का?


बावड्याचे वकील

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते ती घरांच्या विक्रीतील मध्यस्थांना. भाड्याच्या व्यवहारातील मध्यस्थ तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे नियम करायचा तर तो आपणा मंडळींनाच आपसात करावा लागेल. मात्र एक गोष्ट आजही करता येईल. "सोसायटीला चालत नाही" असे मालकाने सांगितले, की सोसायटीकडून तसे लेखी मागावे. जातीवरून भाडेकरू नाकारण्याचा अधिकार उपविधींत कुठेही नाही, त्यामुळे कोणताही शहाणा सचिव तसे लिहून देणार नाही. मग निदान ते कारण तरी यादीतून जाईल, आणि मालकाला उरलेल्या कारणांपैकी एक स्वतःच्या नावावर सांगावे लागेल.


राजारामपुरीकर

हे करण्यासारखे आहे. आमच्या भागातील एजंट महिन्याच्या सुरुवातीला शाहूपुरीत चहाला जमतात, तिथे मांडतो. निम्मे तरी म्हणतील, की मालकाला कागद मागितला तर तो रागावेल. बघू.